बलुतेदारी : परंपरागत ग्रामसमाज व आधुनिक समाज

गावातील कारागिरांनी व सेवकांनी गावकऱ्यांची कामे वंशपरंपरेने करावीत आणि त्यांबद्दल शेतकऱ्यांनी त्यांना दर सुगीस पिकाचा ठराविक वाटा द्यावा, अशी जी व्यवस्था महाराष्ट्रातील खेड्यांत अनेक शतके रूढ होती, तिला बलुतेदारी असे म्हणतात. पिकाच्या या वाट्यास बलुते आणि तो घेण्याचा हक्क असलेल्यास बलुतेदार ही संज्ञा आहे. परंपरागत समाज आणि आधुनिक समाज यांतील भेद व ताण महाराष्ट्रात ज्या क्षेत्रांत विशेष स्पष्टपणे दिसून आले, त्यांत बलुतेदारीचे स्थान महत्त्वाचे आहे.

हा भेद सांगताना अभ्यासकांनी सामान्यतः दोन टोकांचा आधार घेतला आहे. इंग्रज विधिज्ञ हेन्री मेन याने १८६१ मध्ये जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होणारी वाटचाल हे प्रगत समाजांचे लक्षण मानले. जर्मन समाजशास्त्रज्ञ फेर्डिनांट टोनीस याने १८८७ मध्ये आप्तभावावर आधारलेला समुदाय व हितसंबंधांवर आधारलेला समाज असा भेद केला. बलुतेदारीचा ऱ्हास हे अशाच स्थित्यंतराचे उदाहरण आहे. तथापि ते एकदम किंवा सर्वांच्या बाबतीत सारख्या रीतीने झाले नाही. पोटाची हमी आणि जन्माचे बंधन या दोन्ही गोष्टी बलुत्याच्या एकाच हक्कात गुंतलेल्या होत्या. त्यामुळे तो हक्क मोडताना कोणाचे उपजीविकेचे साधन गेले, तर कोणाला माणूस म्हणून उभे राहण्याची संधी मिळाली. आणि आधुनिक म्हणविणाऱ्या शासनाने या व्यवस्थेचा काही भाग स्वतःच्या सोयीसाठी दीर्घकाळ जतन केला.

स्वरूप : बलुतेदार बारा असल्याचा सर्वसाधारण संकेत आहे, परंतु त्यांच्या याद्या स्थलपरत्वे भिन्न आढळतात. जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, भाट व मुलाणी अशी यादी दिली आहे. सोनार, शिंपी, कोळी, तेली, तांबोळी, माळी, जंगम, गोंधळी इत्यादींना अलुतेदार म्हणत. त्यांची गरज नित्याची नसल्याने त्यांचा हक्क दुय्यम मानला जाई आणि बहुतेक गावांत त्यांपैकी काहीच असत.

बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी किंवा कासा असत. सामान्यतः सुतार, लोहार, चांभार व महार हे थोरल्या ओळीत. कुंभार, न्हावी, परीट व मांग हे मधल्या ओळीत आणि जोशी, गुरव, सोनार, मुलाणी हे धाकट्या ओळीत मोडत. हा क्रमही सर्वत्र सारखा नव्हता. मात्र वाट्याचे प्रमाण शेतीच्या दृष्टीने असलेल्या उपयोगावर ठरे, ही गोष्ट लक्षणीय आहे. जातिश्रेणीत सर्वांत वर असलेला जोशी बलुत्यात धाकटा ठरे, तर अस्पृश्य मानलेला महार थोरल्या ओळीत बसे. धान्याच्या राशीपुढे असलेला हा क्रम देवळाच्या दारात किंवा पाणवठ्यावर मात्र उलटा होई.

बलुते खळ्यावर धान्याच्या वा कणसांसह पेंढ्यांच्या रूपाने दिले जाई. त्याशिवाय सणासुदीचे व लग्नकार्यातील मान, काहींना इनाम जमीन आणि कामानुसार इतर लहानमोठे हक्क असत. महारांच्या इनाम जमिनीस हाडकी-हाडवळा असे नाव होते. गावाच्या शिवेची साक्ष देणे, वेशीची राखण करणे, सरकारी वसूल तालुक्याच्या ठाण्यात पोचविणे, निरोप नेणे, मेलेली गुरे ओढणे अशी अनेक कामे त्यांच्याकडे असत. बेदरच्या पातशहाकडून आपल्याला बावन्न हक्क मिळाले, अशी कथा त्यांच्या परंपरेत सांगितली जाते.

हक्क व बंधन : बलुते हे वतन होते. ते वारसाहक्काने चाले. भावाभावांत त्याची वाटणी होई. प्रसंगी ते गहाण पडे किंवा विकलेही जाई. त्याबद्दलचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निर्णयाचा महजर होई. पेशवे दप्तरातील कागदांत असे तंटे विपुल आढळतात. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा याने अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे १९७२ मध्ये असे दाखविले, की महाराष्ट्रातील बलुतेदार हे एकेका कुटुंबाचे आश्रित नसून समग्र गावाचे सेवक होते. उत्तर भारतातील ज्या जजमानी पद्धतीचे वर्णन विल्यम वाइझर याने १९३६ मध्ये केले, तिच्यात विशिष्ट घराण्यांचे परस्परसंबंध प्रधान होते; त्याहून ही व्यवस्था वेगळी होती.

एखाद्या वर्षी काम कमी पडले, तरी सुताराचा वाटा बुडत नसे आणि बाहेरचा सुतार येऊन त्याचे गिऱ्हाईक पळवू शकत नसे. शेतकऱ्यालाही नांगर मोडल्यावर रोख पैशाची वा कारागीर शोधण्याची चिंता नसे. नाणे दुर्मिळ आणि रस्ते बिकट असलेल्या काळात या परस्परावलंबनाचे मोल मोठे होते. चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये भारतीय खेड्यांना लहान प्रजासत्ताकांची उपमा दिली, तीत या स्वयंपूर्णतेचेच कौतुक होते.

तथापि ‘समग्र गाव’ या शब्दांतच एक भेद दडलेला होता. महार सर्व गावाचे काम करी; पण न्हावी महाराची हजामत करीत नसे, परीट त्याचे कपडे धूत नसे आणि जोशी त्याच्या दारी जात नसे. मोबदल्याचा काही भाग घरोघर भाकरी मागून गोळा करावा लागे. त्यामुळे जो हक्क होता, त्यास भिकेचे रूप येई. सुताराला काम नाकारता येत नसे, तसे महारालाही येत नसे. परंतु सुताराच्या कामामुळे त्याची प्रतिष्ठा जात नसे, महाराची मात्र कामामुळेच हिरावली जाई. सारांश, या व्यवस्थेतील सुरक्षितता सर्वांना होती, पण तिची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नव्हती.

ब्रिटिश अंमल : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी आपला अहवाल १८१९ मध्ये सादर केला. त्यात ग्रामसंस्थेचे महत्त्व मान्य करून जुनी घडी शक्यतो न मोडण्याचे धोरण सुचविलेले होते. प्रत्यक्षात महसुलाच्या नव्या पद्धतीने ती घडी आतून सैल झाली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ पासून इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पाहणीत प्रत्येक शेताची स्वतंत्र मोजणी व आकारणी झाली आणि ती तीस वर्षांसाठी कायम करण्यात आली. रयत आपल्या शेताच्या साऱ्यापुरती थेट सरकारला जबाबदार ठरली. गावाने मिळून सारा भरण्याची, नव्याने येणाऱ्यास सामावून घेण्याची व तंटे मिटविण्याची गरज क्रमाने कमी झाली. दिवाणी न्यायालये आल्यावर गोतसभेचा अधिकार उरला नाही. बलुते देणारा ‘गाव’ हा घटकच कायद्याच्या दृष्टीने विरळ होत गेला.

वतनांच्या बाबतीत सरकारचे धोरण सोयीचे होते. देशमुख-देशपांडे यांच्या सेवेची गरज राहिली नाही, तेव्हा १८६० नंतरच्या दशकात त्यांची चाकरी माफ करून वतनांचे रोख तडजोडीत रूपांतर करण्यात आले. गावपातळीवरील सेवकांची गरज मात्र संपली नव्हती. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्याने पाटील-कुलकर्ण्यांबरोबर महारादी कनिष्ठ ग्रामसेवकांची वतनेही नियमबद्ध केली व वतनी मालमत्ता घराण्याबाहेर जाण्यावर निर्बंध घातले. रेल्वे, टपाल व न्यायालये आणणारे शासन टपाल वाहण्यासाठी आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीसाठी जन्माने बांधलेला नोकर वापरीत राहिले. पूर्वी जे बंधन रूढीचे होते, त्यास आता छापील कायद्याचे बळ मिळाले. मोबदल्याचा मोठा भाग असलेले बलुते मात्र रयतेच्या मर्जीवर सोडण्यात आले.

बाजार व कारखाना : मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये गाडी बोरघाट चढून गेली. कापूस व धान्य दूरच्या बाजारात रोख किंमतीने विकले जाऊ लागले, तसे खळ्यावरचे धान्य देणे शेतकऱ्याच्या जिवावर येऊ लागले. लोखंडी नांगर, पत्र्याची व पुढे ॲल्युमिनियमची भांडी, गिरणीचे तेल व कापड यांनी एकेका बलुतेदाराचे काम हलके किंवा अनावश्यक केले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला व त्याचे नांगर खेडोपाडी गेले, तेव्हा लाकडी नांगर घडविणाऱ्या सुताराचे शेतीतील स्थान बदलले. काही सुतार-लोहार शहरांत जाऊन कारखान्यांत कुशल कामगार बनले. ज्यांच्या कौशल्यास शहरात मागणी नव्हती, ते शेतमजुरीकडे वळले.

या पद्धतीविषयीची तक्रार शेतकऱ्यांच्या बाजूनेही पुढे आली. महसूल खात्यात काम केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात बलुत्यांचा तपशील बारकाईने नोंदविला आहे. वंशपरंपरेच्या हमीमुळे कामात हयगय होते, अलुत्या-बलुत्यांच्या व फिरस्त्यांच्या मागण्यांखाली कुणबी दबून जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परस्परावलंबनाचे जे चित्र बाहेरून सुसंवादी वाटे, ते खळ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तसे वाटत नव्हते, याचा हा पुरावा होय.

शहरातील कारखान्यात जन्माचे बंधन गळून पडेल, ही अपेक्षाही पूर्णतः खरी ठरली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडीचा धागा त्या काळी तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतर कामगार वापरीत नसत. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. भीमराव आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. यंत्र नवे असले, तरी त्याभोवती उभी असलेली माणसे आपले गाव बरोबर घेऊन आली होती.

गावजोशी व सत्यशोधक : धार्मिक सेवेच्या बाबतीत हा संघर्ष निराळ्या मार्गाने झाला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली व त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावण्यास प्रारंभ झाला. यजमानाने गावजोशास बोलावलेच नाही, तर त्याचे वतन बुडते की नाही, असा प्रश्न यातून निर्माण झाला. दिवाणी न्यायालये गावजोशाचा वंशपरंपरागत हक्क मान्य करीत. त्यामुळे दुसऱ्याकडून विधी करवून घेणाऱ्यावर जोशी दक्षिणेची फिर्याद करू शकत असे. म्हणजे यजमानाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न मालमत्तेच्या हक्काशी जोडला गेला. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९२६ च्या कायद्याने, न बोलावलेल्या उपाध्यायास दक्षिणा मागण्याचा हक्क संपुष्टात आला. जन्मसिद्ध हक्काची जागा कराराने घेतल्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

कामाला नकार देण्याचा अधिकार बलुतेदारांच्या बाजूनेही उच्चारला गेला. सु. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास विरोध जाहीर केला. आपल्या हातून कोणते काम व्हावे, हे परंपरेने न ठरविता आपण ठरवावे, ही भूमिका त्यामागे होती.

महार वतनाचा प्रश्न : बलुतेदारीतील अंतर्विरोध सर्वांत तीव्रपणे महार वतनात प्रकट झाला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनाच्या जमिनी रयताव्याने त्यांच्या धारकांच्या नावे केल्या. ब्रिटिश मुलखात असे पाऊल उचलले गेले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचा उपदेश केला. पुढील वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. वतनदार महारास रात्री-अपरात्री केव्हाही कामास बोलावता येते, तो नसेल तर घरातील इतरांना राबावे लागते आणि मोबदला मात्र अत्यल्प व अनिश्चित असतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. इच्छा असणाऱ्यास पूर्ण सारा भरून चाकरीतून मुक्त होता यावे, बलुत्याचे रोख करात रूपांतर करून तो साऱ्याबरोबर वसूल व्हावा आणि कामांची निश्चिती व्हावी, असे उपाय त्यांनी सुचविले. विधेयक निवड समितीकडे गेले. तथापि त्याच्या मूळ हेतूस पुरेसा पाठिंबा मिळत नाही असे पाहून १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

विरोध केवळ सरकारातून व सवर्णांतून होता असे नाही. वतन हा जमिनीचा, गावातील स्थानाचा व पूर्वजांच्या मानाचा पुरावा होता. तो सोडण्यास काही महार वतनदारही तयार नव्हते. त्यांची भीती निराधार नव्हती. ओ. एच. बी. स्टार्ट याच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३० च्या अहवालात असे नोंदविले, की अस्पृश्य वर्ग उपजीविकेसाठी गावातील सवर्णांवर अवलंबून असल्याने, त्यांनी नागरी हक्क बजावताच सामाजिक बहिष्काराचे शस्त्र त्यांच्यावर उगारले जाते. आंबेडकर स्वतः या समितीचे सभासद होते. पड ओढण्यास किंवा हलके मानलेले काम करण्यास नकार देणाऱ्यास बलुते मिळत नसे, दुकानात माल मिळत नसे आणि शेतावर काम मिळत नसे. परंपरेने दिलेली हमी ही आज्ञाधारकपणाच्या अटीवर होती, हे या अनुभवातून उघड झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. ग्रामस्वराज्याची गांधीप्रणीत कल्पना आणि ही टीका यांतील वादात एकाच खेड्याकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी समोरासमोर येतात.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर वतने टप्प्याटप्प्याने नष्ट करण्यात आली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या आणि समाजोपयोगी सेवा इनामे १९५३ च्या कायद्याने रद्द झाली. महारादी कनिष्ठ ग्रामसेवकांच्या वतनांचा निर्मूलन कायदा १९५८ मध्ये संमत होऊन १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. त्यान्वये वतन जमिनी सरकारजमा करून ठराविक रक्कम भरल्यावर मूळ धारकांना परत देण्याची तरतूद होती व सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीवाचून त्यांच्या हस्तांतरास मनाई होती. महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने संपले. तत्पूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील नवबौद्धांनी परंपरागत कामे आपण होऊन सोडली होती. कायद्याने जे १९५९ मध्ये घडविले, ते अनेक ठिकाणी लोकांनी स्वतःच आधी घडवून आणले होते.

अन्य बलुतेदारांच्या बाबतीत कोणताही एक कायदा निर्णायक ठरला नाही. धान्याची जागा रोखीने घेतली, गावचा न्हावी बाजारपेठेत दुकान थाटून बसला, चांभाराचे काम कारखान्यांच्या पादत्राणांनी घटविले. काही गावांत वर्षाकाठी धान्य देण्याची रीत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून राहिली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती व ज्यांचे कौशल्य यंत्राने निरुपयोगी केले, त्यांना वतनाच्या जागी नवे काही मिळाले नाही. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी व परीट यांचे व्यवसाय येतात. यावरून या वर्गाच्या उपजीविकेचा प्रश्न किती दीर्घजीवी आहे, हे लक्षात येते. या व्यवस्थेची स्मृती साहित्यातही उमटली. दया पवार यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हेच नाव दिले. धान्याच्या वाट्याचे वाचक असलेला शब्द तेथे जन्माने पदरी आलेल्या दुःखाचा वाचक झाला.

समालोचन : बलुतेदारीच्या इतिहासावरून परंपरागत व आधुनिक समाजांसंबंधी दोन प्रचलित समजुतींची मर्यादा दिसून येते. परंपरागत खेडे एकजीव व समाधानी होते, ही एक समजूत. या खेड्यात तंटे, गाऱ्हाणी आणि विषमता भरपूर होती. मात्र ती बोलून दाखविण्याची संधी प्रत्येकास सारखी नव्हती. आधुनिक कायदा व बाजार आले की जन्मसिद्ध बंधने आपोआप गळतात, ही दुसरी. १८७४ चा कायदा आणि गिरणीतील धोटा ही दोन्ही उदाहरणे तिच्या विरुद्ध साक्ष देतात. बंधने सुटली ती प्रामुख्याने, ज्यांना ती जाचत होती त्यांनी उपजीविका पणास लावून नकार दिला तेव्हा. गमावलेल्या सुरक्षिततेचे दुःख खरे होते. परंतु ती सुरक्षितता ज्यांनी मान खाली घालून उपभोगली आणि ज्यांनी मान वर ठेवून उपभोगली, त्यांचे दुःख एकाच मापाने मोजता येत नाही. जन्मावर न अवलंबून असणारी उपजीविकेची हमी कशी निर्माण करावी, हा बलुतेदारीने मागे ठेवलेला प्रश्न असून आधुनिक समाजाने त्याचे पूर्ण उत्तर अद्याप दिलेले नाही.